चिखलातही काळी न पडलेली पोत

खून-दरोड्याच्या केसेस निवृत्तीनंतर हळूहळू पुसट झाल्या. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हेही आता आठवावं लागतं. पण ज्याचा साधा गुन्हाही दाखल झाला नाही, असं एका पोतीचं प्रकरण मात्र मनातून जायला तयार नाही. पोत म्हणजे मंगळसूत्र. नावं कोणाचीच घेत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात आणि माझ्या लिहिण्याने त्यांच्या घरात पुन्हा धूर व्हायला नको.

तेव्हा मी गोंदिया जिल्ह्यात, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर धान पिकवणाऱ्या पट्ट्यात ठाणेदार होतो. श्रावण चालू होता, रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटपत आली होती. या दिवसांत आमच्या ठाण्यात सहसा शांतता असते. माणसं धानाच्या खाचरात, बांधीत, राबत असतात, भांडायला कोणाला फुरसत नसते. सकाळची हजेरी झाली की ठाणे अंमलदार चहाची वाट बघत बसायचा आणि मी तुंबलेले अर्ज उपसायचो.

अशा एका सकाळी केशोरीकडच्या एका गावातले गृहस्थ आले. दोन धोतरवाले साक्षीदार सोबत. टेबलावर त्यांनी गुलाबी कागदाची पुडी ठेवली. आत मंगळसूत्र होतं, दोन वाट्या आणि मणी, सगळं शेवाळल्यासारखं काळपट झालेलं.

"साहेब, हे पाहा. इवायानं सोनं म्हणून पितळ देल्लं. सुनेनं रोवणी केली न् पंधरवड्यात कारी पडली. सोनाराले दाखवली, तो हासून राहिला. फसवणुकीचा गुन्हा घ्या." इवाई म्हणजे व्याही, सुनेचा बाप.

त्यांचं म्हणणं लिहून घेत होतो, तोवर मुलीचा बापही येऊन धडकला. त्याच्या मागे पदर घट्ट धरून उभी असलेली मुलगी. उन्हाळ्यात लग्न झालेलं, आता परत माहेरी पाठवलेली. पोत सासऱ्याने काढून घेतल्यामुळे तिच्या गळ्यात पिवळ्या दोऱ्यात ओवलेलं हळकुंड होतं. आपल्याकडची रीतच आहे, मंगळसूत्र तुटलं किंवा काढावं लागलं तर नवं येईपर्यंत सवाष्ण गळ्यात हळकुंड बांधते. नवरा जिवंत असताना गळा मोकळा ठेवायचा नाही.

बाप हात जोडून बोलत होता, पण शब्द हात जोडणाऱ्याचे नव्हते. "साहेब, मी सोनंच देल्लं. पावती आहे माह्याजवळ. यायनंच घरी बदलवली असन. यायच्याजवळून मागून दुकानात परत घेऊन गेलो, तर सेठ म्हणते हे आमचं नाहीच."

"म्हणजे आमी चोर?" सासरे उठले.

"मंग मी चोर का?"

दोन व्याही ठाण्यात एकमेकांच्या अंगावर धावून जाताना मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची मला कधी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती त्या पोरीची. तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?" ती म्हणाली, "मी का सांगू जी? इकडून बोलली तर बाबा खोटे, तिकडून बोलली तर मामाजी खोटे." विदर्भात सून सासऱ्याला मामाजी म्हणते. ती रडत नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

सासऱ्यांनी जाताना बजावलं, पोळ्यापर्यंत छडा लागला नाही तर फारकत. मी गुन्हा दाखल केला नाही, अर्ज चौकशीवर ठेवला. कागदावर एकदा आरोपी लिहिला की व्याही पुन्हा व्याही होत नाहीत, हे मी नोकरीत पुरेपूर शिकलो होतो. पण माझ्या हातात एक काळपट पोत आणि एक पावती, एवढंच होतं.

तालुक्याच्या बाजारातल्या त्या दुकानात स्वतः गेलो. सेठ घरंदाज, कपाळावर टिळा, बोलणं तुपातलं. समोरच्या भिंतीवर मोठी पाटी: पॉलिशचा माल परत घेतला जाणार नाही. एका बाजूला सोनं, दुसऱ्या बाजूला सोन्याचं पाणी दिलेले स्वस्त दागिने, आणि नमुने दोन्हीकडे सारखेच. गरिबाच्या बायकोलाही पाटलाच्या सुनेसारखी पोत हवी असते, त्यात तिचं काय चुकलं?

"साहब, अपने यहाँ ऐसा होताच नहीं," सेठ म्हणाला. "घरवालों ने बदली होगी. शादी-ब्याह के मामले आप तो जानतेच हो."

मी जाणत होतो, म्हणूनच आणखी काही न बोलता परत आलो.

चार-दोन दिवसांनी बस स्टँडवरच्या चहावाल्याने खबर दिली. हा माझा जुना खबऱ्या. त्याच्या टपरीवर भज्यापेक्षा बातम्या गरम असत. जंगलपट्ट्यातल्या गावची एक बाई बाजारात फिरून राहिली आहे, गळ्यात सोन्याची पोत आहे, अंगावरच्या लुगड्याला मात्र ठिगळ. ज्या-त्या दुकानात जाते, "हे परत घ्या" म्हणते, आणि कोणी हात पुढे केला की पोत मुठीत धरून मागे सरकते. "साहेब, माल चोरीचा दिसते. विकाचाही आहे न् भेवही लागून राहिला."

महिला शिपायाला पाठवून बाईला ठाण्यात आणलं. चाळिशीची, काळीसावळी, पायाला रोवणीच्या चिखलाच्या भेगा. गोंड समाजातली. मजुरी आणि उन्हाळ्यात विडीसाठी तेंदूपत्ता तोडणं, यावर घर. गळ्यात पिवळीधमक पोत. मी टेबलाच्या खणातली गुलाबी पुडी उघडून बघितली. रंग सोडला तर नमुना तोच.

आमचे जमादार जुन्या वळणाचे. त्यांना चौकशी म्हणजे आवाज चढवणे एवढंच ठाऊक. "कुठून आणली? खरं सांग!"

"दुकानातून," बाई म्हणाली. "जुनी पोत तुटली न् नाल्यात वाहून गेली. मंग माह्या मालकानं तेंदूच्या पैशातून हे घेतली. पॉलिशवाली." मालक म्हणजे नवरा.

"ही पॉलिशवाली आहे?"

"तेच तं सांगून राहिली जी! पॉलिशवाली असती तर कारी पडली असती. पूरी रोवणी झाली, बायकायच्या पोती चिखलात काऱ्या ढुस्स झाल्या न् माही जशीच्या तशी. बाया चिडवून राहिल्या, तुहा मालक सेठ झाला का म्हणून. मले भेव लागलं. दुकानात गेली, तर नौकर पाटी दाखवते, पॉलिश परत घेत नाही म्हणते. पाहूनच नाही राहिला!"

दुसऱ्या एका सोनाराकडे तिने वाकून, मान काउंटरवर टेकवून, गळ्यातल्या गळ्यातच वाटी कसोटीच्या दगडावर घासून घेतली होती. सोनं आहे म्हटल्यावर त्यानेच विकत मागितली, तेव्हा ती तिथून पळाली.

"बरं, काढ आणि टेबलावर ठेव," मी म्हणालो.

तिने पोत मुठीत धरली. "नाही काढत."

जमादार माझ्याकडे विजयाने बघायला लागले. "बघा साहेब! परत द्यायची म्हणते आणि काढतही नाही. अशी परत करणारी मी लय पाहिली." मीही क्षणभर गोंधळलो. तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. चौकशीत माणूस अडून बसला की आम्ही पोलीस त्याचा एकच अर्थ लावतो.

मघापासून दाराशी उभी असलेली महिला शिपाई पुढे आली. "साहेब, त्या दिवशी ती पोरगी आली होती. तिच्या गळ्यात काय होतं?"

मी म्हटलं, "हळकुंड."

"मग हिच्या गळ्यात काय राहील?"

ठाण्यातले आम्ही पुरुष सगळे बायकापोरांचे, आणि आमच्या कोणाच्याही डोक्यात ही गोष्ट शिरली नव्हती. महिला शिपाई मागच्या मेसमध्ये गेली, स्वयंपाकाच्या डब्यातून हळकुंड शोधून आणलं. साधा दोरा ओल्या हळदीत ओढून पिवळा केला, बाईच्या गळ्यात बांधला. गाठ बसताक्षणी बाईने दोन्ही हातांनी पोत काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"इतके दिवस काढली का नाहीस?" मी विचारलं.

"घरी काढून ठेवाची तर दुसऱ्याचं सोनं, चोरी गेलं तर मी का करू? न् दुकानात काढाची तर बदल्यात कोनी काही देऊनच नाही राहिलं. पोतीबिगर, मोकऱ्या गऱ्यानं मालकासमोर कशी जाऊ जी?"

जमादारांनी तिच्यासाठी चहा मागवला. तेही मनाने वाईट नव्हते.

आता प्रश्न उरला सेठचा. दोन पंच, दुसऱ्या गावचा एक म्हातारा सोनार, दोन्ही व्याही, पोरगी, ही बाई आणि सेठ, सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. सोनाराने दोन्ही पोती घासून बघितल्या. बाईने दिलेली सोन्याची निघाली, आणि तिचं वजन पोरीच्या बापाच्या पावतीवरच्या वजनाशी बरोबर जुळलं. तरीही सेठ ढिम्म. "साहब, दोनों ने आपस में बदली होगी. मेरा क्या संबंध?"

ह्या दोन घरांची तोंडओळखसुद्धा नव्हती. पण मी वाद घातला नाही. आवाज चढवण्यापेक्षा माणसाला त्याच्या कामाबद्दल बोलू द्यावं. स्वतःच्या कामाची बढाई मारताना कोणी सावध राहत नाही.

"सेठजी, तुमचं काम एवढं चोख कसं राहतं, ते तरी सांगा."

सेठ खुलला. पोत ओवून झाली की हाताचा मळ जावा म्हणून रिठ्याच्या पाण्यात धुतात. धुताना पोतीला बांधलेली मालाची चिठ्ठी भिजू नये म्हणून सोडून ठेवतात. वाळली की परत बांधतात, सोन्याला लाल दोऱ्याची, पॉलिशला पांढऱ्या दोऱ्याची.

"म्हणजे धुताना चिठ्ठी नसते? आणि लग्नसराईत सोनं आणि पॉलिश एकाच पाण्यात?"

"सीजन में तो एकच बर्तन चलता है. पर साहब, फिकीर नहीं. चिठ्ठी नौकर को हाथ नहीं लगाने देता. मैं खुद बांधता हूँ. मेरे सिवा कोई नहीं."

"दुसरं कोणीच नाही?"

"कोई नहीं!" तो ठामपणे म्हणाला, आणि मग टेबलावरच्या त्या दोन जुळ्या पोतींकडे त्याची नजर गेली. ठाणे अंमलदाराने लिहिणं थांबवलं. सेठ खुर्चीत हलला, टोपी काढली, परत घातली.

"गर्दी बहुत थी साहब," अखेर तो म्हणाला. "मुझसेच हुआ."

त्याची नियत खोटी नव्हती, हे मी लगेच मानलं. खोटा माणूस सोनं पॉलिशच्या भावात देत नाही. खोटा होता तो त्याचा गर्व. दोन माणसं त्याच्या दारात परत करायला आली, एक खोटं घेऊन, एक खरं घेऊन, आणि त्याच्या दुकानाने दोघांनाही पाटीखालून वाटेला लावलं. गुन्हा दाखलच नव्हता, त्यामुळे मुद्देमाल कोर्टात पाठवायचा प्रश्न नव्हता. सगळ्यांचे जबाब नोंदवले, सह्या-अंगठे घेतले, आणि ज्याची पोत त्याला दिली.

सेठने ओशाळून बाईला नवीकोरी पोत देऊ केली. म्हणाला, अस्सल चांदीवर पाणी दिलेली देतो, फुकट. बाईने मान हलवली.

"मले माहीच पाहिजे."

"अगं ती काळी पडली आहे," मी म्हणालो.

"पडू द्या जी. माह्या मालकानं घेतलेली आहे." पोरीकडे बघून ती म्हणाली, "हिच्या मालकाच्या नावाची मी घालून राहिली होती, कसंतरी वाटे." पदराने पुसून तिने ती काळपट पोत गळ्यात घातली आणि मगच हळकुंडाचा दोरा सोडला. पोरगी तिच्या पाया पडली. मला डोळ्यांत पाणी आलेलं लपवायला फाईल उघडावी लागली, आणि फाईल उलटी होती हे जमादारांनी पाहिलं.

आता सासरे सुनेला म्हणाले, "चाल बेटा घरी."

सगळं मिटलं असं मला वाटलं होतं. पोरगी जागची हलली नाही. नवी सून, सासऱ्यापुढे मान वर न करणारी, पण आवाज स्पष्ट होता. "मामाजी, तुमी माह्या बाबाले आमच्या दारात, पूऱ्या मोहल्ल्यासमोर चोर म्हटलं. मले न्याले तिथंच या."

मी मध्ये पडलो नाही. कायद्यात याला कलम नाही, पण न्याय काय असतो तो मी त्या दिवशी ऐकला. सासरे तडक उठून निघून गेले. बापाचा चेहरा पडला. मला वाटलं, पोरीने जिंकलेला डाव हातचा घालवला.

पोळ्याच्या बंदोबस्ताला मी पोरीच्या सासरच्याच गावी होतो. तोरणाखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या होत्या. गर्दीत पोरीचे सासरे दिसले आणि त्यांच्या शेजारी, आग्रहाने बोलावून आणलेले, पोरीचे वडील. मला बघून सासरे जवळ आले. "गेलो होतो साहेब. मोहल्ला जमा केला न् सांगतलं, चुकी माही होती. शरम वाटली, खरं सांगतो. पर सून घरी आली." थोड्या अंतरावर ती सासूसोबत औक्षणाचं ताट घेऊन उभी होती, आणि कोणत्यातरी गोष्टीवर दोघी हसत होत्या.

या प्रकरणाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. घ्यायला येणाऱ्याकडे आपण नीट बघतो, त्याचं ऐकतो, कारण त्याचा हेतू आपल्याला कळतो. परत द्यायला येणाऱ्याचा हेतू आपल्याला कळत नाही, म्हणून आपण त्याला हाकलतो नाहीतर ठाण्यात आणतो. त्या बाईला तिघांनी हाकललं असतं तरी ती चौथ्या दुकानात गेली असती, याची मला खात्री आहे. पण प्रत्येकाचा जीव इतका चिवट नसतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत जो कोणी ठाण्यात काही परत करायला आला, त्याला मी आधी खुर्ची दिली आणि मग प्रश्न विचारले.