चेन किती सैल ठेवायची? रत्नागिरी ते मंडणगड, एका कमेंटमुळे

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. ब्लॉगवर एक कमेंट आली.

"तुमचा लेख वाचून गाडीची चेन ताणून घेतली. पंधरा दिवसांनी चढावर तुटली. मी पडले, डावा हात मोडला. राग नाही, पण कारण कळेल का? – वैशाली, मंडणगड."

रत्नागिरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. मोटरसायकल हा रविवारचा नाद आणि ब्लॉग हा त्या नादाचा नाद. चेन बोटभर सैल ठेवा, जास्त सैल चेन धोक्याची, असं मी दोन वर्षांपूर्वी ठासून लिहिलं होतं. कमेंट वाचली आणि समोरच्या गिऱ्हाइकाला जवळचा चष्मा द्यायचा तर लांबचा दिला.

रात्री फोन केला. वैशालीताई पशुधन पर्यवेक्षक. मंडणगडच्या डोंगरातल्या वाड्यांवर गुरांना लस टोचायला दोनशे सीसीची उंच गाडी घेऊन जातात. फोटो पाठवता का विचारलं, तर म्हणाल्या, "एका हाताने नीट येत नाहीत हो. तुटलेली चेन मात्र ठेवलीय डब्यात."

बायकोने हे सगळं शेजारी बसून ऐकलं होतं. म्हणाली, "जाऊन बघून ये. मोडलेल्या हाताची माफी फोनवर कशी मागणार?"

शनिवारी सकाळी सहाला निघालो. पिशवीत त्यांच्या गाडीची नवी चेन, पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, आणि मागची दोन, कमी-जास्त दात्यांची. असा संच तीन हजारांच्या आसपास मिळतो. घ्यायचा तर चेन, पुढचं, मागचं, तिन्ही एकदम घ्या. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली की तीही लवकर झिजते.

मंडणगडला जायला महामार्ग सोपा, पण मी किनाऱ्याने गेलो. गणपतीपुळ्यावरून जयगड, तिथे फेरीबोटीने तवसाळ, पुढे गुहागर, मग धोपाव्याहून दुसरी बोट दाभोळला. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि हँडल सोडून सेल्फी काढू नका. गुहागरला सुरमईची थाळी खाल्ली. सोलकढी दुसऱ्यांदा मागितली, तर वाढणाऱ्या मावशींनी तांब्याच आणून ठेवला.

मुक्काम बुरोंडीला. पोचायच्या आधी मोह झाला आणि समुद्राकाठच्या पुळणीवरून गाडी थोडी फिरवली. ज्यांच्या घरी उतरलो ते बशीरभाई बावीस वर्षं जहाजावर फिटर होते. मला सलाम करून ते सरळ गाडीच्या मागच्या चाकापाशी जाऊन बसले.

"ही चेन वंगणलीत, की बांगडा रव्यात घोळवलात?"

निघताना मी चेनवर भरपूर तेल मारलं होतं. त्यावर आता वाळूचा जाड थर बसला होता.

"तेल आत हवं, पिनांत. बाहेर राहिलं की वाळू धरतं, आणि ती वाळू दाते खाते," ते म्हणाले. त्यांनी रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं दिलं. चेन पुसून घेतली. मग आतल्या बाजूने, कड्यांच्या सांध्यांवर थेंब थेंब तेल सोडलं. चहा होईपर्यंत थांबलो आणि बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने टिपून काढलं. माझ्या चेनच्या कड्यांत रबरी रिंगा आहेत, त्यांनी आतलं ग्रीस धरून ठेवलेलं असतं. म्हणून पेट्रोल नको आणि तारेचा ब्रशही नको. हे मला माहीत होतं. पुसायचं माहीत नव्हतं.

रविवारी दापोलीवरून मंडणगडला पोचलो. पुढे डांबर संपलं आणि जांभ्याची लाल वाट सुरू झाली. भात कापून झालं होतं, खळ्यांत भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या. वैशालीताई अंगणात उभ्या होत्या. पस्तिशीच्या, सडसडीत, हात प्लास्टरमध्ये. त्यांचे यजमान मुंबईला नोकरीला, घरी त्या आणि सासूबाई. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी बिस्किटांचा डबाच पुढे केला.

"आधी हे बघा."

मला वाटलं होतं, जोडकडीची क्लिप उलटी बसली असेल. क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवी, नाहीतर दगडाला लागून ती निघू शकते. पण जोडकडी शाबूत होती. तुटली होती भलतीच कडी, तिची पाती फाटली होती. स्प्रॉकेटचे दाते पाहिले. झिजलेला दाता एका बाजूला वाकतो, आकड्यासारखा दिसतो. हे दाते सरळ होते. मग पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण काढलं. मागच्या सीलमधून ऑइल झिरपत होतं. चेन पुढचा शाफ्ट सतत मागे ओढत होती तर. पण का?

नवी चेन चढवली आणि माझ्याच लेखाप्रमाणे बोटभर सैल ठेवली. हलवून पाहिली. अगदी योग्य.

वैशालीताई म्हणाल्या, "पण दादा, मी अशी रिकामी गाडी कधी चालवतच नाही."

त्यांनी लसीची बर्फपेटी कॅरिअरला बांधायला लावली. बाजूला औषधांच्या दोन पिशव्या. मी सीटवर बसलो. तेवढ्यात सासूबाई पदर खोचून पुढे आल्या.

"खड्ड्यात गाडी दबतेय ती कशी दिसणार? मी बसतंय मागं. भाताचं पोतं समजा."

त्या बसल्या, मागचा शॉक दबला. वैशालीताईंनी वाकून चेनला बोट लावलं आणि ते तसंच ठेवलं.

"हलतच नाही."

मी मान वळवून पाहिलं. चेन गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखी ताठ. मागचं चाक धरणारा दांडा वर उचलला गेला की एका जागी चाक पुढच्या स्प्रॉकेटपासून सगळ्यात लांब जातं. उंच गाडीत, भरल्या वजनात, प्रत्येक खड्ड्यात हेच होत होतं. चेनला जागाच नव्हती. माझा लेख डांबरी रस्त्यावर एकट्याने फिरणाऱ्या माणसाचा होता, आणि ते मी त्यात कुठे लिहिलं नव्हतं.

"चूक माझीच," मी म्हणालो. "गाडी कुठली, वाट कुठली, वजन किती, काहीच न विचारता आकडा सांगितला."

ताईंनी चेनवरचं बोट काढलं. "माझं हाड जुळेल. पण हे अजून किती जणांनी वाचलं असेल?"

मी पाना उचलला.

पुन्हा सासूबाईंना बसवून चेन सगळ्यात ताठ होते तिथेही ती बोटभर हलेल इतकी सैल केली. वजन उतरवून मोजलं, तर तीन बोटं! दांड्यावर रंगाने खूण केली. मागचं स्प्रॉकेट कोणतं हवं हेही मी या वेळी आधी विचारलं. चढावर अर्धा क्लच धरावा लागतो, जळका वास येतो, असं त्या म्हणाल्या. मग आणलेल्या मागच्या दोन स्प्रॉकेटांपैकी, तीन दाते जास्त असलेलं पोलादी बसवलं. वेग थोडा कमी होईल, ओढ वाढेल. चेनही त्यासाठी दोन कड्या लांब ठेवली आणि सैलपणा पुन्हा तसाच मोजून खूण पक्की केली.

"आता वर जाऊन दाखवा," ताई म्हणाल्या. वरच्या वाडीतली लाळ-खुरकूतची लस राहिली होती. पुढच्या आठवड्यात त्यांचे सहकारी याच गाडीवरून जाणार होते.

पेटीत पाण्याचे कॅन भरले आणि मी निघालो. त्या मागून चालत. अर्ध्या चढावर, वळणाआधी, जांभ्यावर गाडी घासल्याचा पांढरा ओरखडा दिसला. उजवीकडे दरी. त्या इथे पडल्या होत्या, तेव्हा डावीकडे पडल्या म्हणून हातावर भागलं. पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, हळू गेलो. दगडावर चाक आपटलं, चेन एकदा खडखडली आणि ओढत राहिली.

वरच्या सपाट सड्यावर पोचलो. मागून ताई धापा टाकत आल्या आणि पहिलं काय केलं, तर चेनला हात लावला. "गरम आहे, पण कढत नाही," म्हणाल्या आणि हसल्या. तिथे रेंज होती. मी कातळावर बसून जुना लेख उघडला आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, हा सल्ला चुकीचा आहे. खाली कारण. ताईंनी दोन वाक्यं बदलायला लावली. "ते साध्या भाषेत लिहा. मला पहिल्यांदा कळलं नव्हतं."

सोमवारी महामार्गाने परत आलो. प्रवास सुंदर होता, बोटी, सुरमई, सगळंच. पण डोक्यात राहिलाय तो पांढरा ओरखडा आणि त्याच्या दोन हातांवरची दरी.

संध्याकाळी अंगणात गाडी धुतली. भाट्याच्या किनाऱ्यावर आम्ही दोघं दर रविवारी हिच्यावरूनच जातो. बायकोला म्हटलं, बस जरा मागे. मी पुढे बसलो आणि शेजारच्या काकांना चेन हलवून बघायला सांगितलं.

"हलत नाही रे," काका म्हणाले.

बायको खाली उतरली. तिने चेनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आपण चार वर्षं असेच फिरतोय?"

"हो," मी म्हणालो. ती आत गेली, पाना घेऊन आली आणि चाकापाशी उकिडवी बसली.

"कुठे धरायचं ते सांग."