बत्तीआत्याचा वाकडा पलंग

दीपगृह सोडल्यापासून बत्तीआत्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, ती पाण्याच्या पिंपाशी गुलुगुलू बोलते, अशी आवई गल्लीत उठली होती. साफ खोटं! ती पिंपाला वेढा घालून झोपायची, एवढंच.

त्याचं असं झालं. मनोरा गोल, गोल भिंतीवर वारा काय, लाट काय, आदळत नाही, बाजूने निसटते. पण गोल खोलीत सरळ पलंग लावला तर मागे मांजर हरवेल एवढी फट राहते. म्हणून बांधणाऱ्यांनी पलंगच केळ्यासारखा वाकवला. बत्ती सांभाळणारी आत्या उभी हयात त्यावर निजली. मग बत्ती आपोआप पेटू लागली, आत्या मुलाच्या चौकोनी घरी आली आणि सरळ पलंगावरून रोज धप्पकन खाली! शेवटी गोल पिंपाभोवती वाकून थोडी डुलकी लागायची, पण पुऱ्या झोपेविना डोळे पार खोल गेले.

"आई, नवी गादी आणू?"

"गादी घालू चुलीत! कंबर केळ्याची झालीय माझी. माझा पलंग आण."

मुलाने कपाळाला हात लावला. मनोऱ्याचा जिना एवढा अरुंद की जाडा माणूस आडवा होऊन चढतो. पलंग मुळात जिन्याने गेलाच नव्हता. आधी तो वरून खोलीत उतरवला, मग त्याच्या डोक्यावर छत, भिंग आणि घुमट चढवला.

"आत्या, मनोरा पाडल्याशिवाय तो निघत नाही. लाव पैज!" शेजारचा मी, तिच्याच आवाजाची नक्कल करत म्हणालो.

"हरलास तर वर्षभर माझी नक्कल बंद, माकडा."

पुढच्याच आठवड्यात जुनं भिंग संग्रहालयात न्यायला क्रेन आली. घुमट उघडला, भिंग उतरलं, त्याच्याखालचे लोखंडी पत्रेही निघाले. खोलीला आभाळ दिसलं. आत्या कमरेवर हात ठेवून क्रेनवाल्यासमोर उभी.

"एक नग राहिला, बाबा."

"हे काय, मावशी?"

"भिंगाचा पलंग."

"भिंग झोपतं?"

"मग? रात्रपाळी असते त्याची. दिवसा झोपायला नको?"

क्रेनवाल्याला पटलं. तो स्वतः रात्रपाळीचा होता.

पलंग डुलत डुलत खाली आला. आता तो मुलाच्या बैठकीच्या खोलीत मधोमध आहे. दार अर्धंच उघडतं, पाहुणे तिरके होऊन आत येतात, आणि आत्या घोरते. ते घोरणं मला हुबेहूब जमतं. पण पैज ती पैज. म्हणून हे सगळं लिहून सांगावं लागलं.