अनोळखी नंबरचे यजमान

फोन वाजला की ते आधी नंबर बघायचे नाहीत. उजव्या हाताचं बोट वर करून समोरच्याला गप्प करायचे, डोळे मिटायचे आणि फोन कानाला लावून म्हणायचे, "थांबा, नाव सांगू नका. मीच सांगतो."

पलीकडचा माणूस दोन वाक्यं बोलला की ह्यांचं सुरू. आधी भाग, मग गाव, मग घर. "बोलणं निलंग्याकडचं दिसतंय. म्हंजे तुम्ही थोरल्या घरातले. आजी बऱ्या हायत का?" पलीकडून नवल ऐकू आलं की डोळे उघडायचे आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. तुळजापुरात पुजारी पुष्कळ आहेत आणि आपली यजमान घराणी बहुतेकांना पाठ असतात. नुसत्या आवाजावरून घर ओळखणारे मात्र मी हे एकच पाहिले. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही.

त्यांच्या समोरच्या घरात मी सोळा वर्षं राहतो. तामलवाडीकडच्या दूध संकलन केंद्रात लिटर आणि फॅट मोजणं हे माझं काम, त्यामुळे दिसेल ते मोजायची सवय. एकदा काकांच्या परवानगीने त्यांच्या वह्या मोजल्या. सात वह्या, तीनशे बारा घरं. प्रत्येक घराला एक पान. आजोबा कोण, मुलं किती, लेकी कुठे दिल्या, कुणी कसला नवस बोललाय, आणि कोपऱ्यात पेन्सिलने फोन नंबर. काकांना वही उघडायची गरज क्वचितच पडे.

नको असलेले फोन तुम्हाला येतात तसे त्यांनाही यायचे. फरक एवढाच, की तुम्ही आम्ही ते कापतो आणि काका ते रंगवायचे. कर्ज देणाऱ्या एका मुलीला त्यांनी तिचं कुलदैवत विचारलं, ती कोणाच्या घरची ते काढलं आणि आईला घेऊन दर्शनाला ये म्हणून बजावलं. ती खरंच आली. आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या आवाजाशीसुद्धा ते बोलत. "बाई, जरा दम घ्या, मला बी बोलू द्या," असं दोनदा म्हणून शेवटी वैतागून ठेवायचे. बिल भरलं नाही तर आज लाइट कापू, अशी धमकी देणाऱ्याला म्हणाले, "आमच्याकडं ती आपली आपण जाती. तुम्ही कशाला तसदी घेता?"

मी त्यांना नियम सांगत असे. बँकवाला फोनवर कधी आकडे विचारत नाही. आलेला ओटीपी कुणाला वाचून दाखवायचा नाही. लिंक दाबायची नाही. घाई करणारा माणूस दिसला की फोन ठेवायचा. हे सगळं ते मान्य करत. शेवटच्या नियमावर मात्र आमचं अडायचं.

"अनोळखी नंबर उचलू नका म्हणता, डेअरीवाले. माझे निम्मे यजमान अनोळखी नंबरवरनंच येतेत. पोरं नंबर बदलतेत, गाव बदलतेत. देवी बदलत न्हाय, म्हणून फोन करतेत. आता तो उचलू नको म्हणता?"

मग मी बाकीचे नियम पुन्हा म्हणून दाखवायचो.

नवरात्राच्या आधीचे दिवस होते. रविवारी मी त्यांच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. फोन आला. पलीकडचा माणूस एवढंच म्हणाला, "काका, ओळखलं का?" स्पीकर लावलेला असल्याने मलाही ऐकू येत होतं.

काकांचं बोट वर गेलं. डोळे मिटले. "अजून थोडं बोला... उमरग्याकडचं बोलणं. कानडीचा वास हाय. आण्णांचे धाकटे! हैदराबादवाले!"

पलीकडचा हसला. मग, "बरोबर, काका. तुमच्यापासून काय लपतंय?"

आण्णा म्हणजे उमरगा तालुक्यातले त्यांचे जुने यजमान, वारून पाच वर्षं झालेली. त्यांच्या मागे पत्नी गावी आणि धाकटा मुलगा हैदराबादला. त्यापुढचं बोलणं काकांनीच केलं. आईचा गुडघा कसा आहे? ऑपरेशनवाचून चालायला लागले तर अभिषेक आणि देवीला महावस्त्र, असा नवस त्या बोलल्यात, तो लक्षात आहे ना? पलीकडून नुसतं हो, हो. शेवटी तो म्हणाला की फोन पाण्यात पडला, सगळे नंबर गेले, आईचा नंबर तुमच्याकडे असेल तर द्या. काकांनी वही उघडली आणि एकेक आकडा दोनदा वाचून दाखवला.

फोन अकरा मिनिटं चालला. एवढ्या वेळात त्या माणसाने स्वतःहून एकही नाव घेतलं नव्हतं. हे मला तेव्हाच खटकलं. पण काकांचा चेहरा इतका खुलला होता, की मी पेपरची घडी घातली आणि घरी गेलो. ही चूक माझी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आण्णांच्या पत्नीचा, म्हणजे आक्कांचा, काकांना फोन आला. पूजा नीट झाली का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

सकाळी त्यांना कुणीतरी फोन केला होता. तुळजापूरहून, काकांच्या घरून बोलतोय. तुमच्या गुडघ्याच्या नवसाचा अभिषेक आज लागलाय, महावस्त्र घ्यायचंय, दुकान उघडं आहे तोवर पैसे पाठवा. आक्कांनी बावीस हजार पाठवले होते. काकांच्या सुनेने मला हाक मारली तेव्हा काका फोन कानाला तसाच लावून उभे होते आणि पलीकडून आक्का विचारत होत्या, आवाज येतोय का.

मी हैदराबादच्या खऱ्या मुलाला फोन केला. त्याने सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला लगेच कळवलं. नऊ हजार थांबवता आले. सकाळीच कळलं असतं तर जास्त थांबले असते, असं बँकेतल्या माणसाने त्याला सांगितलं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो: लाजत बसू नका, पैसे गेल्यावर पहिला तास महत्त्वाचा.

काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी ओट्यावर बसले नाहीत, गल्लीत येरझाऱ्या घालत राहिले. फोन वाजला की नुसते बघत. वाजायचा थांबला की, खरा यजमान असला तर, म्हणून लगेच उलटा लावत आणि पलीकडून कुणी हॅलो म्हटलं की बंद करत. हे एका सकाळी सहा वेळा झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खर्चाने आक्कांच्या नावे अभिषेक केला आणि प्रसाद घेऊन निघाले. मी बरोबर गेलो. बसमध्ये त्यांनी तीनदा जागा बदलली. नळदुर्गला चहा घेतला, तो तसाच ठेवला. चाळीस वर्षांत ते कुठल्या यजमानाच्या घरी गेले नव्हते; यजमान त्यांच्याकडे येत.

काकांना दारात बघून आक्का गडबडल्या. गुडघ्यावर हात दाबून पाया पडायला वाकल्या, तसे काका दोन पावलं मागे सरले.

"आधी ऐका, आक्का. त्यानं मला कायच विचारलं न्हाय. त्यो नुसता व्हय व्हय करत हुता. घर, पोरगं, गुडघा, नवस, समदं म्याच सांगितलं. नंबर बी म्याच दिला."

आक्का उंबऱ्यावर बसल्या.

"तरीच," त्या म्हणाल्या. "नवसाचं म्या सुनेला बी सांगितलं नव्हतं. देवीला ठाव आणि तुमाला ठाव. म्हणून तर पैसे धाडले. म्हटलं, हे ठाव असणारा चोर कसा असंल?"

काकांनी रुमालात बांधून आणलेले तेरा हजार पुढे केले. आक्कांनी ते बघितलेसुद्धा नाहीत.

"पैशाचं राहू द्या. माझ्या नणंदेचं घर तुमच्याच वहीत हाय. तिनं पोराच्या लग्नासाठी साकडं घातलंय. ते बी सांगितलं का कुणाला?"

"न्हाय," काका म्हणाले. मग थांबले. "आठवत न्हाय."

ते खरं होतं आणि तेच वाईट होतं. इतक्या वर्षांत त्यांनी किती आवाज ओळखले होते, आणि त्यातले किती खरोखर त्या घरचे होते, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"मग सांगा की समद्यांना," आक्का म्हणाल्या. "आमच्या घरचं तुमच्यापाशी हाय, ते तुमीच राखाय पायजे." आणि आम्हाला जेवायला वाढलं. वाढताना एवढं म्हणाल्या, "गुडघा तेवढा गावभर केला माझा." त्या हसल्या, काका हसले नाहीत.

परतताना मी हिशोब मांडला. तीनशे बारा घरं, एका फोनला तीन मिनिटं, म्हणजे साडेपंधरा तास. आपण दोघांनी वाटून घेतलं तर चार दिवसांत होईल.

"आणि सांगायचं काय?"

"काकांचं नाव घेऊन फोन आला तर विश्वास ठेवू नका, असं."

"कोण बोलतंय म्हणून सांगायचं?"

तेही काकांचंच नाव घेऊन सांगावं लागणार होतं; मी हिशोबाचा कागद घडी करून खिशात घातला.

दसरा झाला आणि काका घरोघर स्वतः सांगायला बाहेर पडले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट असते, तेवढा खर्च वाचला. फोन घरी ठेवायचे. पिशवीत प्रसाद, एक वही आणि पाण्याची बाटली. आठवड्यातून तीन दिवस बाहेर, चार दिवस देवीची सेवा. आले की पाय धुवायच्या आधी माझ्याकडे येत आणि कुठली घरं झाली ते सांगत. मी तीनशे बारा घरांची यादी केली होती, तीवर खूण करायचो. आज तीनच का, रस्त्यावरचं ते चौथं का राहिलं, असं मी विचारलं की चिडत. "माणसं हायत ती, दुधाचे कॅन न्हायत."

एका घरी पुजारी स्वतः आलेले बघून बायका रडायलाच लागल्या. वाटलं, काहीतरी अशुभ घेऊन आले. औशाजवळच्या एका घरात त्यांनाच भामटा समजून अर्धा तास बाहेर बसवलं, वही तपासली, पणजोबांचं नाव विचारलं. हे सांगताना काका पहिल्यांदा पूर्वीसारखे खुलले. "लई हुशार घर!" असं तीनदा म्हणाले. ओळखण्यापेक्षा न ओळखलं जाण्याचा आनंद मोठा, हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

पण बसणं उरलं नव्हतं. घरी असले तरी पाय हलत असत. सून म्हणायची, बाबा झोपेतही गावांची नावं घेतात. ताप असला तरी निघायचे. थांबा म्हटलं की एकच उत्तर, "तवर फोन थांबत्यात व्हय?"

गेल्या पौषात ते भूम-परंड्याकडे गेले, चार दिवसांनी आले ते थेट अंथरुणावर. त्या फेरीत कुठली घरं झाली हे सांगायला ते माझ्याकडे आले नाहीत. मी गेलो तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं. सहाव्या दिवशी गेले.

यादीवर खुणा एकशे सत्त्याऐंशी. उरली एकशे पंचवीस. सुनेला आणि मला दोघांनाही हे अर्धवट सोडवेना, म्हणून रविवारी मी जातो. तिने दिलेली वही आणि प्रसाद बरोबर असतो.

गेल्या महिन्यात परंड्याच्या पलीकडच्या एका वस्तीवर गेलो. दारात एक बाई आल्या. मी तुळजापूरहून काकांच्या घरून आलोय म्हटल्याबरोबर त्या आत गेल्या, तांब्याभर पाणी आणून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि स्वतः आतच उभ्या राहिल्या.

"काका येऊन गेलेत," त्या म्हणाल्या. "सांगून गेलेत, माझं नाव घेऊन कुणी आलं तर पाणी द्या, घरातलं काय सांगू नका."

मी म्हटलं, अगदी बरोबर. मग राहवेना, म्हणून विचारलं, कधी आले होते, किती वेळ बसले, तब्येत कशी दिसत होती. ते आता नाहीत, हेही सांगायचं होतं. पण माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांच्यापाशी कारण नव्हतं.

"ते बी घरातलंच झालं की, भाऊ," त्या म्हणाल्या आणि तांब्या माझ्याकडे सरकवला.

मी पाणी प्यालो, त्यांच्यासमोरच यादीवर खूण केली आणि बसच्या फाट्याकडे निघालो.