काकांची नेहमीची चाल

फवारणीच्या पंपाची खटखट ऐकली की मला विचुंबे गावातली काकांची वांगी आठवतात. शेताशेजारी नवी इमारत झाली होती आणि मी शेतकीचा कोर्स करून ताजा शहाणा झालो होतो. "काका, औषध अंदाजाने ओतायचं नाही. आधी नुसतं पाणी भरून नेहमीच्या चालीने एक वाफा फवारा. किती पाणी लागतं त्यावर औषधाचं माप ठरवू." काकांनी पंप पाठीला लावला, तेवढ्यात समोरच्या गॅलरीत माणसं जमली, एकाने फोटोसाठी मोबाइलही काढला. झालं! काकांनी टोपी सरळ केली आणि वरातीतल्या नवरदेवासारखे पाऊल मोजत निघाले. एका वाफ्यात अख्खा पंप रिकामा. "रोज असंच चालता?" "मंग? आमी काय धावतो काय?" मी इमानदारीत ते माप वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी गॅलरीत कुणीच नव्हतं. त्याच मापाने औषध भरलेला पंप घेऊन काका असे सुटले की वाफा संपला तरी पंप अर्धा भरलेलाच. घाम पुसत म्हणाले, "तुज्या गणितात कायतरी खोट हाय." आज मी गावोगाव हेच माप शिकवतो, फक्त पंपात पाणी भरण्याआधी आसपासच्या गॅलऱ्या बघून घेतो.