दादांचं गाणं कॉम्प्युटरात

आधी चहा घ्या. आणि हसणार नाही हे कबूल करा, मगच माझी फजिती सांगतो.

आमचे थोरले बंधू जलशात गायचे. सगळे त्यांना दादाच म्हणत. अख्ख्या अकोले तालुक्यात तसा आवाज नव्हता! त्यांची एकच रेकॉर्ड निघाली. पुढं दादा गेले. रेकॉर्डलाही तडा गेला. वहिनींचा एकच ध्यास, तो आवाज पुन्हा कानावर पडावा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दादांची लेक सुनीता पुण्याहून कॉम्प्युटर घेऊन आली.

"काका, ही रेकॉर्ड एकदाच वाजंल. तेवढ्यात आवाज कॉम्प्युटरात घ्यायचा. तुमच्या प्लेअरला वायर जोडायला जागाच न्हाई, म्हणून म्होरं माईक ठेवते. कुणी ब्र काढायचा न्हाई!"

"ते माझ्यावर सोड."

मग काय विचारता! शेजारची पिठाची गिरणी बंद करायला लावली. बायकोचा कुकर उतरवला. शेळी पार ओढ्यापलीकडं नेऊन बांधली. राजूरचा सखाराम पाहुणा आला होता, त्यालाही दम दिला, "खोकला आला तर गिळ!"

"गिळतो की," तो म्हणाला.

सुई टेकली. खरखर झाली आणि दादा गायला लागले! वहिनींनी पदर तोंडाशी धरला. दादांनी वरचा सूर लावला, तसं सखारामला राहवेना. त्यानं गुपचूप दहाची नोट काढून प्लेअरपुढं ठेवली.

आता सांगा, जलशात बक्षीस आलं की माईकवर नाव पुकारायचं काम कुणाचं? वर्षानुवर्षं माझंच! समोर नोट, समोर माईक. तोंड गप्प कसं राहील?

"राजूरचे पाहुणे सखारामजी यांच्याकडून गायकाला दहा रुपये बक्षीस! मंडळ त्यांचं आभारी आहे!"

सुनीतानं कपाळावर हात मारला. गाणं संपलं, आणि उचलताना रेकॉर्डचे दोन तुकडे झाले.

"काका, आता तुमचं पुसावं तर दादांचाबी आवाज जाईल."

माझी मान खाली. वहिनी मात्र डोळे पुसत हसत होत्या.

"ऱ्हाऊ द्या भाऊजी. तुमची आरोळी न्हाई तर जलसा कसला त्यो? लाव गं सुनी परत!"

दिवसभर तेच गाणं वाजलं. पुढं सीडी झाली, गावोगाव गेली. दादा अमर झाले! माझ्यामुळं!

आणि सखारामही. फुकटात! गाणं संपताच त्यानं नोट परत खिशात घातली. वर म्हणतो कसा, "गायकच न्हाई, तर घेनार कोन?"

एवढा खटाटोप माझा. सीडीत नाव मात्र त्याचं, तेही माझ्याच तोंडून.