सत्कारात न सांगितलेली आफ्रिका

जिनिंगच्या आवारात सरकीचा ढीग असतो ना, किस्से तसे साठतात. रोज थोडी थोडी सरकी पडते, कोणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस पाहावं तर ढीग भिंतीच्या वर! आमच्या क्लबचं तसंच आहे. क्लब तसा सेवेसाठी काढलेला. रक्तदान शिबिर, चष्मेवाटप, झाडं लावणं, मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात पुन्हा झाडं लावणं! त्यातले किस्से मलकापुरात सगळ्यांना पाठ आहेत.

आफ्रिकेहून आलो तेव्हा मात्र दोन ढीग झाले. एक सत्कारात सांगायचा. त्यात सिंह आहे, जिराफ आहे, धबधबा आहे, डॉक्टरांच्या टोपीवर बसलेलं माकड आहे. दुसरा ढीग आमच्यातल्या आमच्यात राहिला. आज तुम्ही घरचेच बसलेले आहात म्हणून सांगतो. हसू आलं तर हसा. आम्हीही एखाद वेळी हसतो, पण एकमेकांकडे न बघता.

आधी मंडळी सांगतो. आमचे अध्यक्ष वसंतभाऊ. जिनिंगचे मालक, मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. त्यांच्या पत्नी शोभावहिनी. नांदुऱ्याचे झोपे डॉक्टर. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या तायडे मॅडम. सगळ्यांना त्यांचाच आधार, कारण आमचं इंग्रजी ‘थँक्यू’ला सुरू होऊन ‘थँक्यू’लाच संपायचं. आणि मी, मेडिकल स्टोअरवाला. प्रकरणाचं नाव ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’. आम्ही दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वेतल्या क्लबवाल्यांच्या घरी राहायचं, मग त्यांनी आपल्याकडे यायचं.

*

जोहान्सबर्गच्या विमानतळावर एक गृहस्थ आमच्या क्लबच्या नावाची पाटी धरून उभे. डोक्याचे केस पांढरे, अंगात साधा स्वेटर.

वसंतभाऊंनी ट्रॉली त्यांच्याकडे ढकलली. “कम ऑन, बॉय! टेक बॅग!”

त्यांनी बॅगा घेतल्या. गाडीत एकेक उचलून नीट रचल्या आणि स्वतः चालवायला बसले. शोभावहिनींनी मागून बेसनाचा लाडू दिला. ते “थँक यू, मॅडम” म्हणाले. वसंतभाऊंचं सुरूच. “बॉय, एसी!” “बॉय, स्लो स्लो!” “बॉय, धिस व्हॉट बिल्डिंग?”

गाडी एका बंगल्यासमोर थांबली. गृहस्थांनी खाली उतरून आमच्यासाठी दार उघडलं आणि वसंतभाऊंपुढे हात केला. “वेलकम टु माय होम. मी मोकोएना. इथल्या क्लबचा अध्यक्ष.” मग हसून म्हणाले, “बॉय जरा दमलाय. चहा घेऊ या का?”

रिटायर्ड हेडमास्तर होते ते!

खोलीत गेल्यावर मॅडम म्हणाल्या, “वसंतभाऊ, इकडं गोरे लोक बापाच्या वयाच्या काळ्या माणसालेही बॉय म्हणत. फार लागते तो शब्द त्यायले.”

“मले काय माहीत बाप्पा! म्या त प्रेमानं म्हटलं!”

मॅडम बॅगेची चेन उघडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माझ्या आजोबाले म्हातारपणीसुद्धा गावात ‘ए पोट्ट्या’ म्हणूनच हाक मारत. प्रेमानंच मारत असतील.”

*

त्या दिवशी रात्रीचं जेवण मोकोएनांकडेच. आम्ही शाकाहारी आहोत हे कळल्यावर त्यांच्या बायकोनं सकाळपासून स्वयंपाक मांडला होता. घेवड्याच्या दाण्यांची उसळ, लाल भोपळा, पालकासारखी एक भाजी, आणि मधोमध मोठ्या भांड्यात पांढरंशुभ्र, वाफा येणारं काहीतरी.

शोभावहिनींनी टेबलावरच पिशवी उघडली. ठेचा, शेव, कैरीचं लोणचं, खाकरा. डबे असे मांडले की यजमानीणबाईंची उसळ त्यांच्यामागे दिसेनाशी झाली! बाईंनी फक्त आपलं भांडं थोडं पुढं सरकवलं.

भिडेखातर वहिनींनी त्यातलं एक चमचा पांढरं घेतलं, तोंडात टाकलं आणि ओरडल्याच, “अवो! ह्या त कण्या व्हय! आपल्या ज्वारीच्या कण्या! फक्त मक्याच्या हायेत!”

खरंच कण्याच. डॉक्टरांनी घेतल्या, मी घेतल्या. लहानपणी ताकासोबत खायचो तीच चव. टेबलावर एकदम जीव आला. बाईंचा चेहरा फुलला. त्यांनी वसंतभाऊंना विचारलं, “म्हणजे तुमच्याकडेही हेच खातात?”

वसंतभाऊंना वाटलं, आता देशाची इज्जत सांभाळली पाहिजे! घाईघाईनं म्हणाले, “नो नो, मॅडम! इन इंडिया, ओन्ली पुअर पीपल ईट!”

मोकोएनांचा चमचा ताटातच राहिला. माझाही.

बाईंनी डाव उचलला आणि वसंतभाऊंच्या ताटात आणखी वाढलं. “मग आज रात्रीपुरते आपण सगळे गरीब,” त्या म्हणाल्या, “पोटभर जेवा.”

*

आफ्रिका म्हटल्यावर गरिबी असणारच, असं आम्ही मलकापुरातूनच ठरवून निघालो होतो. क्लबनं आवाहन केलं होतं. लोकांनी जुने स्वेटर, फ्रॉक, पँटी आणून दिल्या होत्या. वापरलेल्या, पण धुतलेल्या. म्हणजे बहुतेक धुतलेल्या. दोन मोठ्या बॅगा भरून ते सामान आम्ही झिम्बाब्वेत बुलावायोच्या एका शाळेत नेलं.

गेटातून आत गेलो आणि पायच थबकले. पोरं रांगेत उभी. इस्त्रीचे ब्लेझर, टाय, पोरींच्या डोक्यावर हॅट, बुटात तोंड दिसेल असं पॉलिश! डॉक्टरांनी आपला शर्ट पँटीत खोचला.

“बॅगा गाडीतच राहू द्या बे,” मी हळूच म्हटलं. पण वसंतभाऊ तोवर स्टेजवर. भाषण झालं, बॅगांची चेन उघडली गेली आणि वर आला तो नेमका एका कोपराला भोक पडलेला स्वेटर!

बाप्पा! सगळी शाळा पाहून राह्यली आणि वसंतभाऊंच्या हातात तो स्वेटर! ते भोक त्यांनी अंगठ्यानं झाकलं.

मुख्याध्यापिका बाईंनी स्वेटर दोन्ही हातांनी घेतला, नीट घडी घातली, आभार मानले. मग म्हणाल्या, “आमच्या मुलांनीही तुमच्यासाठी काही जमवलंय.”

दोन मुली एक खोकं घेऊन आल्या. आत नवे कोरे रंगीत खडू, कंपासपेट्या, चित्रांची पुस्तकं. वर मुलांच्या हातची चिठ्ठी. मॅडमनी ती मोठ्यानं वाचली आणि शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज बारीक झाला.

“भारतातल्या गरीब मुलांसाठी.”

*

हा किस्सा लहान आहे. मोमेंटोचा.

धबधब्याच्या गावात, म्हणजे व्हिक्टोरिया फॉल्सला, तिथल्या क्लबनं आमचा सत्कार केला. आम्हीही शाल घातली आणि मोमेंटो दिला. लाकडी, त्यावर पितळी पत्रा, मलकापूरहून इंग्रजीत कोरून नेलेला. अध्यक्षीणबाईंनी चष्मा लावून वाचलं: ‘झांबियातील आमच्या बंधुभगिनींना सप्रेम भेट.’

बसलो होतो झिम्बाब्वेत!

वसंतभाऊ माझ्याकडे पाहतात, मी डॉक्टरांकडे, डॉक्टर छताकडे. अध्यक्षीणबाई मात्र शांत. खिडकीतून बोट दाखवून म्हणाल्या, “झांबिया त्या पुलापलीकडे आहे. उद्या मला तिकडे जायचंच आहे. देऊन येईन.”

*

धबधबा मात्र असा की माणसानं स्वतःचं नाव विसरावं. सगळीकडे तुषार, पाऊलवाट ओली, समोर कडकड आवाज. अशा ठिकाणी तरी आम्ही गप्प बसायला हवं होतं!

आमच्यापुढे एक तरुण मुलगी चालत होती. केसांच्या बारीक बारीक वेण्या, कमरेपर्यंत. आपली भाषा इथं कोणाला कळते, या खात्रीनं आमचं सुरू झालं.

“हे केस खरे असतीन का वो?” शोभावहिनी.

“खरे काऊन असतीन! चिटकवेल हायेत,” वसंतभाऊ. “पाय ना, दोरखंडच!” आणि पुढे तिच्या रंगावर एक वाक्य बोलले. ते मी इथं सांगत नाही. आम्ही हसलो होतो, एवढंच सांगतो. मॅडम मागे राहिल्या होत्या, त्यांच्या कानावर गेलं नाही, हे नशीब.

वहिनींनी हात पुढं केला आणि एक वेणी चिमटीत धरली.

मुलगी वळली. “ताई, केस माझेच आहेत,” ती म्हणाली. “हात लावायचा असेल तर आधी विचारायचं असतं.”

मराठीत! स्वच्छ, पुणेरी मराठीत!

डॉक्टरांना खोकलाच आला. “तू... तुम्ही मराठी कसं काय?”

“पुण्यात शिकायला होते. घरमालकांनी आणि रिक्षावाल्यांनी शिकवली. तुम्ही मघाशी म्हणालात ना दादा, तो शब्द तर पहिल्याच आठवड्यात शिकले.”

वसंतभाऊ धबधब्याकडे बघत होते. त्यांच्या चष्म्यावर पाणी साचलं होतं, पण पुसत नव्हते. तिनं आमच्याकडे जरा निरखून पाहिलं.

“तुम्ही पुण्याचे नाही वाटत. विदर्भातले का?”

“हाव, बुलढाण्याकडचे,” मी म्हटलं.

“तरीच. आमच्या वर्गात तिकडची एक मुलगी होती. ती बोलायला लागली की बाकीच्या मुली तोंडावर हात ठेवून—” ती मधेच थांबली. ओल्या वेण्या खांद्यावरून मागं टाकल्या आणि म्हणाली, “जाऊ दे. तुम्हालाही वाईट वाटेल.”

*

शेवटच्या दिवशी पुन्हा जोहान्सबर्ग. मोकोएना आम्हाला एका संग्रहालयात घेऊन गेले. काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायचा जो कायदा तिथं होता, त्या काळाचं संग्रहालय. दारापर्यंत आले आणि बाहेरच्या बाकावर बसले.

“तुम्ही नाही येत?” मॅडमनी विचारलं.

“मी पाहिलंय,” ते म्हणाले. “तिकीट लागत नव्हतं तेव्हा.”

आत जायची तऱ्हा वेगळीच. तुमचा रंग कोणी पाहत नाही. नशिबानं जे तिकीट हाती येईल ते. काहींवर लिहिलेलं ‘गोरे’, काहींवर ‘गोरे नसलेले’. दारंही दोन. ज्याचं जसं तिकीट त्यानं त्या दारानं जायचं. त्या काळी लोकांना काय वाटत असेल ते कळावं म्हणून.

वसंतभाऊंनी आपलं तिकीट पाहिलं आणि लॉटरी लागल्यासारखे ओरडले, “अरे! आपल्याले गोऱ्याचं लागलं!” डॉक्टरांचं गोऱ्याचं, माझं गोऱ्याचं, मॅडमचंही गोऱ्याचं. शोभावहिनींचं तेवढं दुसरं निघालं.

वहिनींचं तोंड उतरलं. “मी एकटीच तिकडून जाऊ? मले नाही जमत बाप्पा.”

“थांब, मी पायतो,” म्हणत वसंतभाऊ खिडकीकडे गेले. “मॅडम, शी इज माय वाईफ. फॅमिली! प्लीज चेंज. मेक हर व्हाइट!”

खिडकीतली बाई काळी होती, वयानं मोठी. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं. रागावली नाही. म्हणाली, “सर, त्या काळीही लोक अर्ज घेऊन हेच मागायला यायचे.” आणि तिनं पुढच्या माणसाला बोलावलं.

वसंतभाऊ तसेच परत आले. मागं रांग खोळंबली होती. तेव्हा वहिनी तायडे मॅडमजवळ गेल्या आणि अगदी सहज, एस. टी.त खिडकीची जागा मागावी तशा म्हणाल्या, “मॅडम, तुमचं द्या न मले. तुमाले काही फरक पडत नाही न?”

आम्ही तिघंही ऐकत होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझं तिकीट खिशात ठेवलं.

मॅडमनी हातातलं तिकीट एकदा वाचलं. “घ्या,” म्हणाल्या. वहिनींचं घेतलं आणि त्या दुसऱ्या दारानं आत गेल्या. आम्ही चौघं गोऱ्यांच्या दारानं.

आत दोन्ही वाटा शेजारी शेजारीच जातात, मधे लोखंडी जाळी. जाळीला जुन्या ओळखपत्रांच्या मोठ्या मोठ्या प्रती टांगलेल्या. फोटो, नाव, आणि नावाखाली सरकारनं ठरवलेली जात असल्यासारखा रंग. वहिनी माझ्यामागून चालत होत्या, तिकीट मुठीत चुरगळलेलं. पलीकडे मॅडमची चप्पल वाजत होती.

शांतता सोसली नाही तेव्हा वसंतभाऊंनी जाळीला तोंड लावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू आला.

“मॅडम... तिकडून काय दिसते वो?”

मॅडम थांबल्या, जाळीजवळ आल्या. त्यांनी वसंतभाऊंकडे पाहिलं, वहिनींकडे, डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे.

“तुम्ही,” त्या म्हणाल्या.