पूर्वेकडचा खांब

अनसिंगच्या आसपास कुठल्याही शाळेच्या मैदानावर खो-खोचे खांब ताठ उभे दिसले, की ते फुलसिंगनं रोवलेत असं समजायचं. डुलताना दिसले तर दुसऱ्या कुणीतरी. हे फुलसिंग स्वतःच सांगायचा आणि सांगताना त्याला तिळभर लाज वाटायची नाही. तांड्यावरच्या या साठीच्या माणसानं तरुणपणी दहा हंगाम पुण्याकडं बांधकामावर काढले होते. बरोबरच्यांनी येताना रेडिओ आणले, घड्याळं आणली. यानं काँक्रीट आणलं. म्हणजे ते कसं कालवायचं, कसं ठोकून भरायचं आणि मुख्य म्हणजे कुठं थांबवायचं, ही अक्कल.

खांब रोवण्यात काय एवढं, असं कुणी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. आमच्याकडची काळी माती मोठी लहरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्या भरवशावर उभा केलेला खांब वर्षभरात मान टाकतो. म्हणून फुलसिंग मुरूम लागेस्तोवर खणायचा. तळाला गिट्टी आणि गिट्टीवर खांबाचं बूड, म्हणजे पाणी खाली झिरपतं, लाकूड कुजत नाही. भोवती काँक्रीट, पण तेही जमिनीच्या वीतभर खालीच थांबवायचं आणि वर मऊ माती दाबायची.

"पोरी पडतात तिथं," तो म्हणायचा. "त्यायच्या गुडघ्याले सिमीट कायले लागू द्यायचं?"

सगळं वाळलं की परीक्षा. खांबाच्या माथ्यावर काठोकाठ भरलेला लोटा ठेवायचा आणि खांबाला टाचेनं सणसणीत लाथ घालायची. थेंब सांडला तर खांब उपटायचा. तीस वर्षांत थेंब सांडला नव्हता. त्या लोट्याचा त्याला इतका अभिमान, की घरात त्यातून पाणी प्यायची कुणाची छाती नव्हती. "त्या लोट्याले एकदा टिळा लावा अन् पुजा," असं त्याची बायको कमलीबाई म्हणायची.

या वर्षी तालुक्याचे मुलींचे सामने गावच्या शाळेत भरायचे होते. खेळाच्या ज्योत्स्ना मॅडमनी दिवाळी होताच फुलसिंगला बोलावून दोन नवे खांब सांगितले. फुलसिंगची नात रुचिका त्याच संघात, नववीत शिकणारी, वाऱ्यासारखी पळणारी. आरागिरणीवर सागाचे ओंडके निवडायला ती हट्टानं त्याच्याबरोबर गेली. एक ओंडका त्यानं ठोकून, हुंगून घेतला. दुसरा रुचिकानं पसंत केला. सरळसोट, एकही गाठ नसलेला.

"आबा, हाच घ्या. याच्यावर सूर माराले मजा येईन."

फुलसिंगनं तो उचलून पाहिला. किंचित जड लागला. आत ओल असावी, असं त्याच्या हातानं त्याला स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या कुणी तो पुढे केला असता तर त्यानं पायानं ढकलून दिला असता. पण नातीच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाला, "घे, माय." तो ओंडका पूर्वेकडचा खांब झाला. लोट्याची परीक्षाही पास झाला.

दोन महिने गेले. सामन्यांच्या आदल्या दिवशी सकाळी फुलसिंग सहज मैदानावर गेला. सहज म्हणजे लोटा घेऊन; सवय ती. पश्चिमेकडचा खांब ठणठणीत. पूर्वेकडच्याला लाथ बसली आणि लोट्याच्या काठावरून एक थेंब ओघळला.

मैदानात चिटपाखरू नव्हतं. त्यानं खाली बसून माती बाजूला केली. जे वाटलं होतं तेच. लाकूड वाळून आकसलं होतं, काँक्रीट होतं तिथंच होतं आणि दोघांच्या मध्ये नख जाईल एवढी फट पडली होती. माती परत दाबली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण खो-खोत पोरगी धावत येते, एका हातानं खांब धरते आणि सगळं अंग हवेत फेकून पळणारीला गाठते. तिचं सगळं वजन त्या एका हातावर आणि त्या खांबावर. खांबानं ऐन वेळी दगा दिला तर हनुवटी जमिनीवर. तीस वर्षांचं नाव एकीकडं आणि पोरींचे दात एकीकडं. माणूस क्षणभर तरी घुटमळतोच, तोही घुटमळला. मग उठून सरळ ज्योत्स्ना मॅडमकडं गेला.

"मॅडम, पूर्वेचा खांब हालून राह्यला. चूक माही हाय. ओलं लाकूड लावलं मी."

मॅडमनी येऊन खांब दोन्ही हातांनी हलवून पाहिला. "काका, मला तर काहीच कळत नाही. एवढ्यानं काय होतंय?"

"तुमाले नाही कळत. मले कळते."

"पण सामने उद्या आहेत. आता नवं काँक्रीट भरलं तरी वाळणार कधी?"

"काँक्रीटले हात नाही लावत मी. संध्याकाळपावतर वेळ द्या."

घरी जाऊन त्यानं गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं जुनं वखर खाली काढलं. बाभळीचं, तीस वर्षं धुरात आणि सावलीत वाळून हाडासारखं झालेलं. कुऱ्हाड उचलली तशी कमलीबाई धावत आली.

"अवो, काहून फोडून राह्यले? ते तुमच्या बापाचं वखर हाय."

"बाप असता तर त्यानंच फोडलं असतं."

त्या लाकडाच्या त्यानं बोटभर लांब, नखाएवढ्या पातळ पाचरी तासल्या आणि फटीत चारी बाजूंनी, एक इकडून एक तिकडून, बेतानं ठोकल्या. मग वर पाणी ओतत राहिला. कोरडी बाभूळ पाणी प्याली की फुगते आणि फुगली की सोडत नाही. दिवस मावळायच्या आत लोटा पुन्हा माथ्यावर चढला. एक लाथ, दुसरी, तिसरी. थेंब सांडला नाही. त्यानं माती दाबली आणि तिथंच फतकल मारून बसला.

दुसऱ्या दिवशी शेवटचा सामना शिरपूरच्या संघाशी. माणसं दाटीवाटीनं उभी होती. रुचिका शेवटपर्यंत टिकली होती आणि आणखी दहा-पंधरा सेकंद पळती तर सामना गावचा होता. ती पूर्वेच्या खांबाला वळसा घालायला गेली आणि शिरपूरच्या एका दणकट पोरीनं खांब धरून सूर मारला. सगळं वजन टाकून, कसलीही शंका न ठेवता. बोटं रुचिकाच्या पाठीला लागली. सामना गेला.

सगळं गाव हळहळलं आणि त्या शांततेत एकटा फुलसिंग टाळ्या वाजवत होता.

"आबा," रुचिका डोळे पुसत त्याच्यापुढं आली, "मी बाद झाली अन् तुमी टाळ्या वाजवून राह्यले?"

"तुले पाह्यलंच नाही, माय. मी खांब पाहून राह्यलो होतो."

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पहार घेऊन निघाला, तेव्हा मात्र मुकाट्यानं मागे आली. तो पूर्वेकडचा खांब खणून काढू लागला.

"आता कायले काढता? पाचरी मारल्या ना? हालला तर नाही."

"पाचरी म्हंजे ठिगळ. सामन्यापुरतं चाललं. आता वाळलेल्या लाकडाचा लावतो, घरचा."

रुचिकानं उपटलेला खांब ओळखला. सरळसोट, एकही गाठ नसलेला.

"आबा, हा मी निवडला होता."

फुलसिंगनं पहार बाजूला ठेवली, तिच्या डोक्यावरून मातीचा हात फिरवला.

"निवडला तू," तो म्हणाला. "रोवला मी."